टीपकागदावरची मतदार

मिसिसिपीकाठी:
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक. आज घरातल्या एका वादामुळे लिहायला बसलोय.

आम्ही मिनेसोटात सेंट पॉलला राहतो. गेल्या शनिवारी दोन गल्ल्या पलीकडे इस्टेट सेल होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं वाटीचमच्यापासून कपाटापर्यंत सगळं मांडून विकतात. मला ते बघताना पोटात तुटतं, पण लेकीला जुन्या वस्तूंचं फार वेड. तिला एका बिस्किटाच्या डब्यात टीपकागदांचा गठ्ठा मिळाला. हो, ओली शाई टिपून घ्यायचा टीपकागद! एक बाजू गुळगुळीत, त्यावर चित्र आणि एका हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात. दुसरी बाजू खरखरीत, फिकट गुलाबी, त्यावर कुणाच्या तरी पत्राची उलटी निळी अक्षरं उमटलेली.

गठ्ठ्यातल्या एका कागदावर जुन्या पद्धतीचं पिन-अप चित्र आहे, म्हणजे भिंतीला टाचून ठेवायचं नखरेल तरुणीचं चित्र. मतदानाच्या यंत्राचा हिरवा पडदा आणि त्यातून बाहेर येणारी तरुणी. लाल ठिपक्यांचा फ्रॉक, पांढरे हातमोजे, काखेत पर्स. फ्रॉकचं टोक पडद्याच्या कडीत अडकलंय, ती ते एका हाताने सोडवतेय आणि त्यामुळे स्टॉकिंगची वरची कड दिसतेय. ओठांचा छोटा चंबू, पण डोळे थेट आपल्याकडे. खाली इंग्रजीत ओळ आहे, तिचा अर्थ साधारण असा: ‘माझं तर ठरलं! तुमचं काय?’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, नोव्हेंबरात मत द्यायला विसरू नका.

लेक नुकतीच अठरा वर्षांची झाली. यंदा तिचं पहिलं मत. तिला हा कागद चौकटीत घालून हॉस्टेलच्या खोलीत लावायचाय. हिचं म्हणणं, त्यात बाईच्या मताची थट्टा आहे, भिंतीवर काय लावतेस? दोघीही मला विचारतात आणि मला दोघींचं पटतं. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ:
फ्रॉक अडकला पण मत गुप्त राहिलं. लोकशाही जिंकली. लावा!

रेवा_ठाणे:
वहिनींशी शंभर टक्के सहमत. या सगळ्या चित्रांचा साचा एकच असतो. बाई काहीतरी रोजचं काम करतेय: कुत्र्याला फिरवतेय, शिडीवर चढतेय, गाडीचं चाक बदलतेय. मग साखळी पायात गुंतते, नाहीतर वारा येतो, नाहीतर खिळ्याला कापड अडकतं. ती दचकते आणि बघणारा खूश होतो. तिने स्वतः काही दाखवलेलं नाही, ‘चुकून दिसलं’, यातच त्या विनोदाचा सगळा जीव आहे. पाय घसरण्याच्या जागी मतदान आणलं म्हणून चित्र बदललं असं मला वाटत नाही. मत देण्यासारखं गंभीर कामसुद्धा बाईला धड करता येत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. अठरा वर्षांच्या मुलीने पहिल्या मताची आठवण म्हणून हेच का लावावं?

जुनाब्रश:
मिसिसिपीकाठी, अहो तुम्ही तर या चित्रांच्या माहेरी राहता! तुमच्याच गावात १८९६ साली ब्राउन अँड बिगेलो ही कॅलेंडर छापणारी कंपनी निघाली. दुकानदाराचं नाव गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर वर्षभर राहावं म्हणून कॅलेंडर, पत्त्यांचे जोड, टीपकागद, असं काय काय ते छापत. पोकर खेळणारे कुत्रे सगळ्यांनी पाहिले असतील, कूलिज या चित्रकाराची ती चित्रंही याच कंपनीसाठी. नॉर्मन रॉकवेलची बालवीरांची कॅलेंडरंही यांचीच. म्हणजे एकाच छापखान्यातून शाळेच्या भिंतीला बालवीर जायचा आणि गॅरेजच्या भिंतीला पिन-अप.

कंपनीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मालक बिगेलो आयकर चुकवला म्हणून १९२४च्या सुमारास लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला. तिथे त्याची चार्ल्स वॉर्ड नावाच्या कैद्याशी ओळख झाली. सुटल्यावर वॉर्ड कंपनीत लागला आणि १९३३ साली बिगेलो बुडून मेला तेव्हा तोच कंपनीचा प्रमुख झाला. पिन-अपचा सुकाळ झाला तो या वॉर्डच्या काळात.

गिल एल्व्हग्रेनही सेंट पॉलचाच, जन्म १९१४. या प्रकारातला सगळ्यात मोठा हात त्याचा. मी चाळीस वर्षं जाहिरातींची चित्रं काढली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो. तो आधी प्रसंग ठरवायचा, मग मॉडेलला तशी उभी करून फोटो काढायचा आणि त्यावरून साधारण तीस बाय चोवीस इंचांच्या कॅनव्हासवर तैलरंगात रंगवायचा. फोटो आणि चित्र शेजारी ठेवून बघा, मग कळतं त्याने कुठे हात फिरवलाय. पाय थोडे लांब, कंबर थोडी बारीक, मान जराशी उंच, डोळे मोठे. कुठलाच बदल इतका मोठा नाही की डोळ्याला खुपेल. त्वचेवरचा तो लोण्यासारखा उजेड शिकागोच्या हॅडन संडब्लॉमच्या वळणाचा. कोका-कोलाचा लाल गालांचा सांता रंगवला तोच संडब्लॉम.

तुमच्या कागदावर नाव नसेल तर कुणाचं काम ते मी सांगणार नाही. एक खूण मात्र बघा. पडद्याचा हिरवा रंग तिच्या हनुवटीखालच्या सावलीत उतरलाय का? उतरला असेल तर चित्रकार जाणता होता. सपाट राखाडी सावली असेल तर नक्कल करणारा. आणि मागची उलटी अक्षरं आरशात धरून वाचलीत का? मी लहानपणी वडिलांच्या टीपकागदावर हाच खेळ खेळायचो.

मिसिसिपीकाठी:
ब्रशकाका, भिंग घेऊन बघितलं. हनुवटीखाली हिरवट झाक आहे! लेक नाचतेय. आरशाचं अजून जमलं नाही, अक्षरं एकावर एक उमटलीत.

क्वीन्सकर:
तुम्ही पडद्याचं लिहिलंत आणि माझे जुने दिवस वर आले. न्यूयॉर्कमध्ये ही खटक्यांची यंत्रं अगदी २००९पर्यंत होती. माझं अमेरिकेतलं पहिलं मत त्यावरच दिलं. शाळेच्या व्यायामशाळेत कपाटाएवढं लोखंडी धूड उभं. आत शिरायचं, लाल दांडा उजवीकडे ओढायचा, की पाठीमागे पडदा सर्रकन बंद. समोर उमेदवारांची नावं, प्रत्येकापाशी बोटभर खटका. तो खाली केला की बाजूला फुली दिसायची. चुकलं तर परत वर करा, कुणी ओरडत नाही. सगळं मनासारखं झालं की लाल दांडा डावीकडे. खडाड्! तो आवाज आला की मत मोजलं गेलं, खटके आपोआप वर गेले आणि पडदा उघडला, सगळं एका फटक्यात. बाहेरून आतल्या माणसाची फक्त पावलं दिसायची. मी रांगेत उभा असताना सगळ्यांच्या चपलाबूट बघत बसायचो.

पहिलं असं यंत्र १८९२ साली न्यूयॉर्क राज्यातल्याच लॉकपोर्ट गावात वापरलं. तेव्हा चित्रकाराला पडदा सुचला यात नवल नाही. आडोसा, खालून दिसणारे पाय आणि एकदम उघडणारा पडदा, म्हणजे रंगमंचच की तो. आणि एक सांगू? दांडा डावीकडे ओढल्याशिवाय पडदा उघडत नाही. म्हणजे ती बाहेर आलीय याचा अर्थ तिने मत पूर्ण दिलंय. रेवाताई, फ्रॉक नंतर अडकलाय. कामात ती कुठेही चुकलेली नाही.

रेवा_ठाणे:
क्वीन्सकर, हा मुद्दा मला सुचला नव्हता. तेवढा मान्य.

अबोली:
मला रेवाताईंचा राग समजतो, पण थोडं मागे जाऊन बघूया. बायकांच्या मतावर चित्रं निघाली ती पिन-अपच्या कितीतरी आधी, आणि ती खरोखर विखारी होती. १९०९ साली न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वाइलर कंपनीने मताधिकाराच्या विरोधात बारा पोस्टकार्डांचा संच काढला होता. एका कार्डावर कडेवर बाळ घेऊन बाटलीने दूध पाजणारा बाप आहे आणि मागच्या ताटलीचं त्याच्या डोक्याभोवती प्रभामंडळ झालंय, मेरीमातेसारखं. बायका मत द्यायला लागल्या की पुरुषांची अशी गत होईल, हा इशारा. आज ते चित्र बघून मला तो बाप फार गोड वाटतो. पण तेव्हा ती शिवी होती. मत मागणारी बाई तर बहुतेक चित्रांत दाताड, हडकुळी, हातात छत्री घेतलेली.

यावर चळवळीतल्या बायकांनी चित्रानेच उत्तर दिलं. कॅलिफोर्नियात १९११ साली बर्था बॉयने रंगवलेलं भित्तिचित्र बघा: पिवळ्या वस्त्रातली शांत बाई, डोक्यामागे सूर्यबिंब, हातात ‘बायकांना मत द्या’ अशी पट्टी. रोझ ओनीलने आपली गुटगुटीत क्यूपी बाळं रस्त्यावर उतरवली, आमच्या आयांना मत द्या म्हणत. सुंदर दिसणं हे त्यांनी ठरवून हत्यार केलं. ३ मार्च १९१३ला वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चळवळीतली इनेझ मिलहॉलंड पांढऱ्या घोड्यावर बसून सगळ्यांच्या पुढे होती, तेही उगाच नाही.

आणि टेनेसीची गोष्ट तर मी माझ्या भाचरांना झोपवताना सांगते. १९२०च्या ऑगस्टमध्ये बायकांना मताचा हक्क देणारी १९वी घटनादुरुस्ती एका राज्यासाठी अडली होती. टेनेसीची राजधानी नॅशव्हिलला दुरुस्तीच्या बाजूचे लोक पिवळा गुलाब लावायचे, विरोधातले लाल. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न हा सभागृहातला सगळ्यात लहान सभासद कोटाला लाल गुलाब लावून आला आणि मत मात्र बाजूने दिलं. खिशात आईचं पत्र होतं. शहाण्यासारखा वाग आणि कॅटबाईंना मदत कर, असं तिने कळवलं होतं. कॅटबाई म्हणजे चळवळीच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅट. एका आईच्या पत्राने पारडं फिरलं.

त्या टीपकागदावरच्या मुलीकडे मी या रांगेतली पुढची म्हणून बघते. त्या जुन्या पोस्टकार्डांच्या काळात मत देणारी बाई कुरूप आणि घरमोडी दाखवायचे. इथे जाहिरातवाल्यालाही ती इतकी रोजची वाटते की तो तिला नेहमीच्या नटव्या साच्यात बसवतो.

चहाटळ:
आईने मुलाला मत कुठे द्यायचं ते सांगितलं, त्याने ऐकलं, आणि हे अमेरिकेत घडलं? आमच्या आईला पत्रसुद्धा लिहावं लागत नाही, नुसती बघते.

वाचनवेडा:
पिन-अप आणि सरकार यांचं भांडण कोर्टातही गेलं होतं. एस्क्वायर मासिकात १९३३पासून जॉर्ज पेटीच्या आणि १९४०पासून पेरूहून आलेल्या अल्बर्टो व्हार्गासच्या तरुणी छापून यायच्या. १९४३ साली टपालखात्याने ठरवलं की हे मासिक सार्वजनिक हिताचं नाही, सबब त्याची टपालाची सवलत बंद. वर्षाला पाच लाख डॉलरचा फटका! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४६ साली मासिक जिंकलं. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल लिहिला. लोकांनी काय वाचावं, कुठलं साहित्य चांगलं, हे ठरवायचा अधिकार टपालखात्याला नाही, असा त्याचा आशय.

रेवा_ठाणे:
वाचनवेडा, सरकारने बंदी घालावी असं मी म्हणत नाहीये. भिंतीवर काय लावायचं एवढाच प्रश्न आहे.

अबोलीचं लिहिणं मनापासून आवडलं. पण ‘मत देणारी बाई रोजची झाली’ ही कोणती बाई? या कॅलेंडरांतल्या मुली सगळ्या गोऱ्या. त्याच वर्षांत दक्षिणेतल्या काळ्या बायका नाव नोंदवायला गेल्या की परीक्षा, कर, धमक्या. त्यांचा फ्रॉक पडद्यात अडकायचा प्रश्नच नव्हता, पडद्यापर्यंत पोचूच दिलं नाही. १९६५चा मतदान हक्क कायदा होईपर्यंत हे चाललं.

तात्या_न्यूजर्सी:
रेवा, त्यात आपलीही भर घाल. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही, कारण तो कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्या कित्येकांचं काढून घेतलं. १९४६चा ल्यूस-सेलर कायदा येईपर्यंत दार बंद होतं. मग १९५६ साली दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. त्यांनी स्वतः नागरिक होऊन दहाही वर्षं झाली नव्हती.

मी १९८१ साली नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. नंतर वाचलं आणि पुढच्या मतदानाला कोट घालून गेलो. तेव्हापासून दर वेळी कोट घालूनच जातो.

क्वीन्सकर:
तात्या, नमस्कार करतो.

सांगलीकर_पोर:
एक शंका. मतदान मंगळवारीच का ठेवतात तिकडे? सुट्टी नाही काही नाही.

तात्या_न्यूजर्सी:
१८४५चा कायदा आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तोवर पिकं घरात आलेली असायची. रविवारी चर्च, त्यामुळे सोमवारी घोडागाडीने निघायचं आणि मंगळवारी तालुक्याच्या गावी मत द्यायचं. पिकं गेली, घोडे गेले, मंगळवार राहिला.

जुनाब्रश:
रेवा, तू म्हणतेस तो साचा खराच आहे, मी नाकारत नाही. पण या धंद्यात बायका होत्या हेही लक्षात घे. झोई मोझर्ट आरसे लावून स्वतःच मॉडेल व्हायची आणि स्वतःला रंगवायची. पर्ल फ्रश होती. जॉइस बॅलंटाइन होती. मोझर्टच्या मुली बघ, त्या क्वचितच घसरतात. निवांत बसलेल्या असतात, नजर शांत.

दुसरं म्हणजे, ही चित्रं कुणाला उद्देशून असतात ते बघ. १९१७ साली हॉवर्ड चँडलर क्रिस्टीने नौदलाच्या भरतीसाठी एक पोरगी रंगवली. खलाशाचा गणवेश घातलाय आणि म्हणतेय, अगंबाई, मी पुरुष असते तर नौदलात गेले असते! हा टोमणा पुरुषांना. गंमत म्हणजे त्याच वर्षी नौदलाने बायकांची भरतीही सुरू केली. आता टीपकागदावरची ओळ परत वाच. ‘माझं तर ठरलं, तुमचं काय?’ हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेल्या बाप्याला ती विचारतेय. क्रिस्टीची पोरगी ‘असते तर’ म्हणत होती, ही ‘झालं’ म्हणतेय.

आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यापासून देवदेवतांची कॅलेंडरं आली. मग गोव्याकडचे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर एकाहून एक सुंदर स्त्रिया आणल्या. मी दलालांची मुखपृष्ठं कापून वहीत चिकटवायचो आणि आईच्या हातचा मार खायचो. ‘माझं ठरलं’ म्हणणारी मतदार मात्र त्यात कधी दिसली नाही.

शिक्षिका_बाई:
जुनाब्रश, कशी दिसणार? आपल्याकडे आधी नावाचीच अडचण होती. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी याद्या करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम सांगितलं, स्वतःच्या नावाशिवाय मतदार नाही. मुदत वाढवूनही जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत जास्त.

मी वर्गात हे सांगते तेव्हा मुली हसतात. मग त्यांना म्हणते, घरी जाऊन पणजीचं माहेरचं नाव विचारून या. दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली रिकाम्या हाताने येतात.

रेवा_ठाणे:
बाई, मी आत्ता आईला फोन करून विचारलं. पणजीचं माहेरचं नाव तिलाही माहीत नाही. मावशीला विचारते म्हणाली.

मिसिसिपीकाठी:
मंडळी, चार दिवस लिहिलं नाही, पण रोज रात्री जेवणानंतर हा धागा मोठ्याने वाचतोय. हिने मोबाइल माझ्या हातून घेऊन शिक्षिका_बाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग काही न बोलता उठली, टीपकागद घेतला आणि न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिली. खिडकीचा उजेड तिरपा पडल्यावर एक ओळ सुटी झाली. पत्राच्या शेवटची सही होती. नीट वळणदार, शाळेत घटवलेलं अक्षर. आधी ‘श्रीमती’, आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. पहिलं नावही त्याचंच. बाईचं स्वतःचं एक अक्षरसुद्धा नाही.

ही बराच वेळ तिथेच उभी होती. लेकही मागे जाऊन उभी राहिली.

मग दोघींनी मिळून ठरवलं, मला विचारलंही नाही. दोन काचांच्या मधे कागद बसवायचा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. चौकट भिंतीला न लावता खिडकीत टांगायची. काल बसवून आणली. पुढून फ्रॉक सोडवणारी पोरगी, मागून निळी उलटी सही. लेकीने हॉस्टेलसाठी छोटा आरसाही घेतलाय, चौकटीमागे धरायला.

रेवा_ठाणे:
दोन्ही बाजू दिसणार असतील तर माझी हरकत नाही. वहिनींना सांगा, फोटो टाका. दोन्ही बाजूंचा.

तात्या_न्यूजर्सी:
लेकीला आशीर्वाद. नोंदणी झाली का तिची?

मिसिसिपीकाठी:
झाली, तात्या. अर्ज स्वतःच भरला. आडनावाच्या आधी मधलं नाव विचारलं होतं, तिथे तिने आजीचं लिहिलंय. तेच तिचं कागदोपत्री मधलं नाव आहे, आम्हीच ठेवलं होतं. फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढतो.

शिक्षिका_बाई:
आणि रेवा, मावशीचं काय झालं?

रेवा_ठाणे:
आत्ताच फोन आला, बाई. कृष्णा. पणजीचं नाव कृष्णा होतं.